देव्हारा आणि मतदान

धर्मश्रद्धेचा मतदानावर परिणाम व्हावा की नाही, या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न एकत्र कालवलेले आहेत. मतदाराने आपली श्रद्धा घरी ठेवून मतदानकेंद्रात जावे काय, हा एक. आणि उमेदवाराने त्या श्रद्धेच्या बळावर मत मागावे काय, हा दुसरा. पहिल्यात कायदा लक्ष घालीत नाही व घालूही नये. लाच खाणारा मनुष्य आपल्या मतास पात्र नाही, असे एखाद्या गृहिणीस तिची श्रद्धाच सांगत असेल, तर ती श्रद्धा बाजूस सार, असे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

दुसऱ्याचे उत्तर लोकप्रतिनिधित्व कायद्याने देऊन ठेवले आहे. उमेदवाराने धर्माच्या नावे मत मागणे हा त्याच्या १२३ व्या कलमानुसार भ्रष्ट आचार होय. देवाचा कोप ओढवेल, अशी भीती मतदारास घालणे हेही त्याच कलमात येते. (बेलभंडारा उचलायला लावून मते पक्की करणाऱ्या आमच्याकडील गावपुढाऱ्यांनी ते वाचले असेल, असे वाटत नाही!)

२ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरविले की, उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचा हवाला देऊन मत मागणेही निषिद्ध आहे. अल्पमतातील तिघांची शंका मात्र झटकून टाकण्याजोगी नाही. धर्मामुळेच ज्यांना अन्याय सोसावा लागतो, त्यांनी त्याचा सभेत उच्चारही करू नये काय? मुंबईत धर्म विचारून भाड्याची जागा नाकारली जाते, हे कोणास ठाऊक नाही? ‘हे मी बंद पाडीन’ असे म्हणणारा उमेदवार तेच वाक्य शेजारच्या गल्लीत, निराळ्या धर्माच्या श्रोत्यांपुढेही उच्चारू शकतो. ‘मी तुमच्यातला, म्हणून मत द्या’ हे वाक्य त्या गल्लीत नेता येत नाही. आमच्या मते खरा भेद हाच, आणि बहुमताचा निर्णय या अर्थाने वाचल्यास तो योग्यच आहे. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण केले होते. स्वतंत्र भारताच्या घटनेने ३२५ व्या कलमान्वये सर्वांची एकच मतदारयादी केली. व्यासपीठावरून तिचे पुन्हा तुकडे पाडण्याचा अधिकार कोणत्याही पक्षास नाही.

परंतु निर्णय योग्य असून भागत नाही, तो वेळेवर मिळावा लागतो. विलेपार्ले येथील १९८७ ची पोटनिवडणूक धर्माच्या नावे केलेल्या प्रचारापायी मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले ११ डिसेंबर १९९५ रोजी. तोवर ती विधानसभा जाऊन पाच वर्षे लोटली होती. २०१७ चा निर्णय तर सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेला! निवडणूक याचिकेची सुनावणी सहा महिन्यांत संपविण्याचा प्रयत्न व्हावा, असे याच कायद्याचे ८६ वे कलम सांगते. उच्च न्यायालयांनी या याचिकांसाठी स्वतंत्र न्यायासने राखून ठेवावीत आणि अपिलांनाही संसदेने अशीच मुदत घालून द्यावी.