मानांकन मिळाले, अहवाल कुठे आहे?

प्रवेशाच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जाहिरातींत ‘एनबीए मानांकित’ ही अक्षरे ठळक होतात आणि पालक ती सगळ्या महाविद्यालयाला लागू समजतात. पण नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन मानांकन देते ते एकेका अभ्यासक्रमाला. संगणक शाखेला मिळाले म्हणून त्याच इमारतीतल्या स्थापत्य शाखेला मिळालेच, असे नाही. मुदत तीन वर्षांची की सहा, यातही बरेच काही दडलेले असते. सदस्य देशांत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, याचाही गाजावाजा होतो. मात्र त्या कराराचा लाभ ‘टियर-१’पुरता, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग यांच्या मानांकित अभ्यासक्रमांपुरता आहे. विद्यापीठाशी संलग्न साधे महाविद्यालय त्यात बसत नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरांतही नसते.

मानांकनासाठी तज्ज्ञांची समिती येते, प्रयोगशाळा बघते, अध्यापक-विद्यार्थ्यांशी बोलते, महाविद्यालयाने लिहिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल पडताळते. एवढ्या खटाटोपातून लोकांच्या हाती येते ती यादीतली एक ओळ: अमुक शाखा, अमुक तारखेपर्यंत. कुठे काय कमी पडले, हे समितीच्या अहवालातच राहते. तो अहवाल पूर्ण प्रसिद्ध झाला पाहिजे. भेटीची तारीख आधीच ठरलेली असल्याने फायली आणि विद्यार्थी काय शिकले हे दाखवणारे निष्पत्तीचे तक्ते चोख तयार ठेवता येतात. पण कागदावरचे किती अध्यापक खरोखर वर्गात येतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांइतके कोणाला ठाऊक असते? अहवाल समोर असेल, तर तीच मुले तो तपासतील.

अहवाल उघड होणार म्हटल्यावर तज्ज्ञ हात आखडून लिहितील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. तरीही युरोपातील उच्च शिक्षणाच्या २०१५च्या गुणवत्ता मानकांत तज्ज्ञांचे संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करण्याची अपेक्षा स्पष्ट नोंदवलेली आहे. शिवाय बंद दाराआडच्या तपासणीने प्रामाणिकपणा टिकतो, असा आपला अनुभव नाही. ‘नॅक’ ही वेगळी, संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करणारी यंत्रणा. तिच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. राहिला प्रश्न ग्रामीण महाविद्यालयांचा. त्यांच्यावर आधीच रिकाम्या जागांचे सावट असते, त्यात दोष जाहीर झाले तर विद्यार्थी आणखी फिरकणार नाहीत. म्हणून अहवालाशेजारी महाविद्यालयाचे उत्तर आणि केलेल्या दुरुस्त्याही छापाव्यात. सुरुवात ‘टियर-१’पासून करावी, अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही स्वतःच्या हाती असलेल्यांना विद्यापीठाकडे बोट दाखवता येणार नाही.