आमरीला बांडगूळ म्हणू नका

गेल्या वर्षी शिक्षक दिनाला दहावीच्या मुलींनी वर्गणी काढून मला एक ऑर्किड दिलं. पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी, वरून चमकीचा कागद, आणि जांभळ्या फुलांची एक लांब दांडी. फॅलेनॉप्सिस नावाचं. रोह्याहून पेणपर्यंत मी ते गाडीत मांडीवर घेऊन आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "प्लॅस्टिकचं आहे का हो?"

फुलं नोव्हेंबरपर्यंत टिकली. मग एकेक करून गळाली आणि डिसेंबरात पानं सुरकुतू लागली. सुरकुतलेलं पान म्हणजे तहान, एवढं मला ठाऊक होतं. फजरच्या वुजूनंतर रोज एक मग पाणी घालायला लागले. सुरकुत्या वाढल्या, म्हणून संध्याकाळीही घालायला लागले. मूल मागे पडलं की जादा तास लावायचे, हा आमच्या धंद्यातला एकच उपाय मी झाडालाही लावला. जानेवारीत खालचं पान पिवळं होऊन हातात आलं आणि कुंडीतून कुजका वास यायला लागला.

कुंडीतून काढून पाहिलं तेव्हा कारण कळलं. मुळं सडली होती. बोटानं दाबली की वरची साल निघून यायची, आत नुसता दोरा. पानं तहानलेलीच होती, पण पाणी पिणारं तोंडच मी बुडवून मारलं होतं. जितकं पाणी घालावं तितकं झाड तहानेनं मरत होतं. नवख्या माणसाच्या हातून बहुतेक ऑर्किडं अशीच जातात, उपासानं नव्हे.

मग जे केलं ते सांगते, कारण कुणाच्या तरी खिडकीत असं एक झाड या क्षणी कण्हत असेल. कात्री गॅसवर तापवून, गार करून, सडलेली सगळी मुळं कापली. घट्ट आणि पांढरट अशी तीनच उरली. कापलेल्या तोंडांवर दालचिनीची पूड लावली. ती फक्त जखमेवरच लावायची, चांगल्या मुळावर पडली तर ते सुकतं. एक दिवस झाड तसंच सावलीत उघडं ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "मातीत लाव ना, उघडं काय ठेवलंस?" पण माती हाच तर शत्रू. बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी आणली आणि तिच्यात लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले. सोडणं दोन रात्री भिजवून, पाणी बदलून घेतली होती. खत एकदम बंद.

पाण्याचा नियम मूळच सांगतं. या मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. रुपेरी झालं की पाणी द्यायचं, हिरवं असेल तर हात आवरायचा. पाणी सकाळी द्यायचं आणि पानांच्या बेचक्यात साचू द्यायचं नाही. सगळ्यात अवघड काम हात आवरण्याचं. अडीच महिने काहीच घडलं नाही. एप्रिलमध्ये बुंध्यापाशी हिरवं टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते मूळ होतं.

हे सगळं मला आधीच माहीत असायला हवं होतं, कारण याचंच भावंड माझ्या परसात पाच वर्षं राहत होतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. रोह्याजवळच्या मामूंच्या बागेतला सगळ्यात जुना आंबा त्या दुपारी आडवा झाला. शाळा बंदच होत्या. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेले, तेव्हा मामू फांद्या तोडून ढीग करत होते. एका फांदीवर जाड, पट्ट्यासारख्या पानांचा झुबका होता आणि त्यातून गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा लांब घोस लोंबत होता. झाड पडलं होतं आणि हा फुललेला. मी विचारलं तर मामू म्हणाले, "बांडगूळ आहे ते. जाळायचं." मी हट्टानं सालीसकट काढून आणलं आणि काथ्यानं परसातल्या आंब्याला बांधलं. पहिल्या वर्षी निम्मी पानं झडली. मी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, खरं सांगायचं तर विसरलेच. 2023 च्या जूनमध्ये त्याला घोस आला. ती सीतेची वेणी. आसामात हिला कोपौ म्हणतात. तिथलं ते राज्यफूल आहे आणि बोहाग बिहूला बायका ते केसात माळतात.

दुकानातलं ते ऑर्किड आणि आंब्यावरची ती आमरी, हे एकच कूळ आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. एकाला चमकीचा कागद, दुसरं जाळायच्या ढिगावर.

इथे भाषेचा घोळही आहे, आणि मी दोन भाषा शिकवते म्हणून मला तो जास्त खुपतो. आमरी आणि अमरवेल हे शब्द कानाला बहिणी वाटतात. अमरवेल म्हणजे ती पिवळी, बिनपानांची, दोऱ्यांसारखी वेल, उर्दूत आकास बेल. ती झाडाच्या अंगात शिरून रस पिते. बांडगूळही झाडाच्या आत घुसतं. त्याला स्वतःची हिरवी पानं असतात, तरी पाणी आणि क्षार तो आंब्याचेच घेतो. चिकट बिया पक्षी फांद्यांवर पुसतात आणि बाग हळूहळू वाळत जाते. मामूंचा राग खोटा नाही. पण आमरी झाडातून काही घेत नाही. ती फक्त सालीला धरून बसते. पाऊस, धुकं, सालीवर साचलेला पालापाचोळा, यावर तिचं भागतं. तिला उजेड हवा म्हणून ती उंचावर राहते, एवढंच.

ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नाही. बांडगूळ जिथे जोडलेलं असतं तिथे फांदीला गाठ येते, आणि ते ओढलं तर फांदीचं लाकूड सोबत येतं. आमरीची मुळं सालीवरून सरपटताना दिसतात, फांदीला गाठ नसते.

बांडगूळ या शब्दाशी माझं एक जुनं देणंघेणंही आहे. बीएड झाल्यावर काही वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं. उर्दू शाळेत मी मराठीवाली, मराठी शाळेत उर्दूवाली. एकदा कायम नोकरीतल्या एका सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये हसत म्हटलं, "ही तासिकावाली मंडळी म्हणजे संस्थेवरची बांडगुळं." चहा संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही, मीही नाही. त्या महिन्यात मला मिळालेले पैसे गाडीभाड्याला पुरले नव्हते. आमच्या मोहल्ल्यातही घरजावयाला, परगावाहून आलेल्या भाडेकरूला हाच शब्द लावतात. दुसऱ्याच्या फांदीवर दिसला की तो रस पीतच असणार, असं आपण धरून चालतो. मूळ कुठे गेलंय ते कुणी वाकून बघत नाही.

आता थोडं कडू. पावसाच्या तोंडाशी रस्त्याकडेला रानभाज्यांच्या टोपल्यांशेजारी कधीकधी सीतेच्या वेणीचे झुबके विकायला असतात, फुलांसकट. विकणाऱ्या बायांना मी बोल लावणार नाही. शेवळं आणि कंटोळी विकून ज्यांचं पावसाळ्याचं मीठमिरची सुटतं, त्यांनी हेही आणलं तर आणलं. गाडी थांबवून घेणारे आपण. आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्याच्यात शिदोरी नसते. ठरावीक बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. एका बोंडात असंख्य बिया, पण झाड होणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं. असा झुबका जंगलातून ओरबाडून आणायचा आणि बाल्कनीत रोज पाणी घालून दोन महिन्यांत कुजवायचा, हा शौक नव्हे. फणसाडसारख्या अभयारण्यातून काही उचलणं तर गुन्हाच आहे. पडलेलं झाड, तोडलेली फांदी, रस्त्यासाठी कापलेला आंबा यांवरची आमरी मात्र जरूर उचला, जमिनीच्या परवानगीनं, आणि बाल्कनीत नाही, झाडावर बांधा.

दुकानातलं घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण ते मुळात आग्नेय आशियातलं, वाढलेलं बहुधा हरितगृहात. फुलाची दांडी काढायला त्याला काही आठवडे गार रात्री लागतात, आणि आपल्याकडे त्या थंडीतच थोड्याफार मिळतात. माझ्या कुंडीत आज चार नवी मुळं आणि एक नवं पान आहे. फूल नाही. मुली विचारतात, "टीचर, आलं का?" मी मुळांचा फोटो दाखवते. त्यांची निराशा होते.

मामूंनी यंदा मे महिन्यात बागेतली बांडगुळं काढली. मी आकडी धरायला गेले होते. एका फांदीपाशी ते थांबले, चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेले, सालीवरून बोट फिरवलं. "गाठ नाही," म्हणाले, आणि शिडी पुढच्या झाडाला लावली.