जुलाब नव्हे, अडकलेला खडा! ज्येष्ठांच्या पोटाची चौकशी कोण करणार?

सिंधुदुर्गनगरी : आठ दिवस पोट साफ नाही आणि अचानक पातळ शौच गळू लागते. घरच्यांना वाटते, जुलाब लागले. मेडिकलमधून जुलाब थांबवणारी गोळी येते आणि दुखणे वाढते. अनेकदा गुदाशयात कडक मलाचा गोळा अडकलेला असतो, त्याच्या कडेने वरचा पातळ मल झिरपतो. गोळीमुळे आतड्याची उरलीसुरली हालचालही मंदावते. या गोळ्याच्या दाबाने काहींची लघवीही तुंबते.

मुले मुंबईत, गावच्या घरात दोघेच म्हातारे, हे चित्र जिल्ह्यात नवे नाही. रात्री उठायला नको म्हणून पाणी कमी प्यायचे, गुडघे दुखतात म्हणून शौचाला जाणे टाळायचे. त्यात लोहाच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबाची काही औषधे. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला तर हा धोका ठरलेलाच. मधुमेह, थायरॉइड, पार्किन्सन यांचाही वाटा असतो.

इसबगोल हा सगळ्यांचा आवडता उपाय. पण खडा अडकल्यावर, तोही कमी पाण्यासोबत घेतला, तर वाट आणखी बंद होते. आधी डॉक्टरांनी बोटाने तपासणी करून खालची वाट मोकळी करावी लागते. त्यासाठी ग्लिसरीनची बत्ती, एनिमा किंवा गरज पडल्यास हाताने मल काढणे, असे उपाय असतात. मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखे औषध काही आठवडे चालते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना फॉस्फेटचा एनिमा धोक्याचा ठरू शकतो, त्यामुळे तो परस्पर आणून देऊ नये.

ही तपासणी दोन मिनिटांची. तरी ती टळते, कारण रुग्ण लाजतो आणि गर्दीच्या ओपीडीत कुणी विचारत नाही. घरी येणाऱ्या आशाताईंनी ‘परसाकडे शेवटचे कधी झाले?’ एवढे विचारले, तरी कितीतरी जणांची बांबोळीची फेरी वाचेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, वहीत एक रकाना लागतो. तो आरोग्य विभागाने आखून द्यायला हवा.

पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, वायूही सरत नाही, तर घरी काहीही न देता १०८ ला फोन करून ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी लांबवू नये.