बरण्यांचा प्रश्न व आपली सोसायटी

आपल्या मासिकांत खतें, बियाणें व बाजारभाव यांवर पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु बांधावरील चार आंब्यांच्या कैऱ्या व दोन आवळ्यांची फळें घेऊन घरांतील बायका जो लहानसा व्यापार करूं पाहतात, त्याच्या आड एक क्षुल्लक दिसणारी वस्तु येते. तिजविषयीं कोणीं लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. ती वस्तु म्हणजे बरणी.

आम्हीं सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करून काढली. तेव्हां हिशेबावांचून बोलणें आम्हांस जमत नाहीं. गेल्या वैशाखांत आमच्या घरीं विक्रीकरितां साखरांबा केला. अर्ध्या किलोच्या 48 काचेच्या बरण्या दर नगास 34 रुपयांप्रमाणें मागविल्या. 1,632 रुपये झाले. खोकीं उमरग्यास पोंचलीं तेव्हां 5 बरण्या फुटलेल्या निघाल्या, आणि व्यापाऱ्यानें भरपाई देण्याचें साफ नाकारलें. राहिल्या 43. म्हणजे भरण्याजोगी प्रत्येक बरणी आम्हांस सुमारें 38 रुपयांस पडली. आंत काय होतें? साखर 14 रुपयांची, घरची कैरी बाजारभावानें धरली तरी 6 रुपयांची, वेलदोडा व गॅस मिळून 5 रुपये, एकूण 25. मेहनत आम्हीं धरली नाहीं, याबद्दल घरांत बोलणीं खावीं लागलीं, आणि तीं रास्तच होतीं.

जिन्नस 25 चा व त्याचें भांडें 38 चें, असा हा व्यापार आहे. हजारांच्या पटीनें घेणाऱ्यास तशाच बरणीचा भाव 20 रुपयांच्या आंत सांगतात, हें आम्हीं स्वतः चौकशी करून पाहिलें आहे, भाडें निराळें. काचेची भट्टी एकदां पेटविली म्हणजे रात्रंदिवस चालूं ठेवावी लागते, म्हणून कारखानदारास मोठी मागणी हवी असते. शिवाय काच वजनदार आणि नाजूक. दोन खोक्यांचें भाडें व फुटतूट हीं दोन्ही लहान गिऱ्हाइकाच्याच माथीं बसतात. त्यांत कराची भर. 22 सप्टेंबर 2025 पासून जॅम-मुरंब्यासारख्या जिनसांवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला, परंतु काचेच्या बरणीवर तो 18 टक्केच राहिला. मोठा कारखानदार बरणीवर भरलेला कर वजा करून घेतो. जिची उलाढाल लहान म्हणून जिचें नांव करखात्याच्या दप्तरीं नाहीं, त्या बाईस मात्र तो पुरापुरा सोसावा लागतो.

कोणी म्हणतील, प्लास्टिकच्या बरण्या घ्या. स्वस्त, हलक्या, फुटत नाहींत. कोरड्या चटण्या व मेतकूट यांस त्या चालतील, याबद्दल आमचा वाद नाहीं. परंतु साखरांबा गरम असतांनाच भरून झाकण लावावें लागतें, आणि त्या उष्णतेनें साधी प्लास्टिकची बरणी वांकडी होते. आमच्या आजीच्या वेळीं चिनी मातीच्या बरणीस दादरा बांधला कीं काम भागत असे. पण ती बरणी घरांतल्या फडताळासाठीं, मोटारीनें सोलापुरास धाडण्यासाठीं नव्हे. दुसऱ्या मालाच्या जुन्या बाटल्या भंगारांतून घ्याव्या, तर दहा बाटल्यांचीं तोंडें दहा मापांचीं, आणि एकालाही नवें झाकण बसत नाहीं.

आमच्या मतें सर्व प्रश्न या तोंडाच्या मापांतच आहे. 1858 सालीं अमेरिकेंत जॉन मेसन या गृहस्थानें आटे पाडलेल्या तोंडाच्या बरणीचें पेटंट घेतलें. पुढें तोंडांचीं मापें ठरून गेलीं, तेव्हांपासून तिकडील शेतकऱ्यांच्या बायका तीच बरणी वर्षानुवर्षें वापरतात व झाकण तेवढें नवें आणतात. आपल्याकडेही हें अशक्य नाहीं. तळेगांवचा काच कारखाना 1908 सालीं लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणींतून उभा राहिला. त्या मानानें आम्ही मागतों तें अगदींच थोडें आहे.

आपल्या सोसायटीनें एकाच मापाच्या व एकाच तोंडाच्या तीन हजार बरण्या माघ महिन्यांत मागवाव्या. वैशाखांत सर्वांची एकदम धांवपळ होते व त्या तीन आठवड्यांत दुकानदार म्हणेल तो भाव द्यावा लागतो, म्हणून माघ. खतांच्या गुदामाचा एक कोपरा त्यांस पुरेल. सभासदांस व बचत गटांतील भगिनींस त्या पडत्या भावानें द्याव्या, आणि विक्रीच्या वेळीं गिऱ्हाइकाकडून बरणीमागें 15 रुपये अनामत घ्यावी. रिकामी बरणी आली कीं अनामत परत.

यावर आक्षेप येतील. रक्कम अडकून पडेल हा पहिला, आणि तो खरा आहे; तीन हजार बरण्या म्हणजे साठ हजारांच्या आसपास गुंतवणूक. परंतु तीच रक्कम युरियांतही अडकते, तेव्हां कोणी हरकत घेत नाहीं. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. 2018 च्या अन्न-वेष्टनाच्या नियमांनीं एकदां वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हां अन्नास वापरण्यास मनाई केली आहे. काचेची बाटली मात्र टिकाऊ व सहज धुतां येण्याजोगी असल्यास पुन्हां वापरतां येते. धुणें, उकळत्या पाण्यांतून काढणें व उन्हांत पूर्ण वाळविणें हें काम ज्याचें त्यानें करावें. झाकण दर वेळीं नवें, यांत तडजोड नको. मीठ व आंबटपणा पत्रा खातात. लोक बरण्या परत आणणार नाहींत, असें म्हणणाऱ्यांनीं मुंबईची आरे दुधाची योजना आठवावी. तेथें रिकामी बाटली दिल्यावर भरलेली मिळे, आणि असें कित्येक वर्षें चाललें. गोटी सोड्याच्या बाटल्या तर आपल्याच एस. टी. स्थानकावर आपण लहानपणीं परत केल्या आहेत.

आमच्या 43 बरण्यांवर अनामत नव्हती. तरीही ओळखीच्या लोकांनीं 17 परत आणून दिल्या. काच सर्वांची शाबूत. झाकणें 14 ची गंजलेलीं. नवीं झाकणें आणावयास गेलों, तर दुकानदार म्हणाला कीं तें माप यंदापासून येत नाहीं. त्या 17 बरण्या आमच्या फडताळांत उपड्या ठेवल्या आहेत.