मुखवट्याआधीचा माणूस

मराठीत सुपरहिरोपट का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा पैशात शोधले जाते. हॉलिवूडसारखे अंदाजपत्रक नाही, संगणकीय दृश्यांची यंत्रणा नाही. तेव्हा उडणारा नायक मराठीला परवडणार कसा, असा हा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. सुपरहिरोच्या जन्मकथेत खरी कसोटी लागते ती नायक उडू लागण्यापूर्वी, आणि ती अभिनयाची व दिग्दर्शनाची असते.

रिचर्ड डोनर यांच्या १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह यांनी खांदे पाडून आणि आवाज बदलून एकाच देहात दोन माणसे उभी केली. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये ख्रिस्तोफर नोलान यांनी पूर्ण पेहरावातला नायक सुमारे तासभर रोखून धरला. प्रेक्षकाला आधी माणूस भेटला, मग मुखवटा.

हाच धडा नाशिक जिल्ह्यातील मालेगावने कवडीमोल साधनांत गिरवला. शेख नासिर यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केला. नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार, अंगाने काटकुळा. त्याचा सुपरमॅन शहराच्या प्रदूषणाने बेजार होतो. त्याची लढाई तंबाखू आणि घाणीशी आहे. त्याची दुर्बलता अभिनयाने आणलेली नव्हती, ती त्या शहराचीच होती. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटातून ही धडपड जगापुढे आली. तंबाखूविरुद्ध लढणारा हा नायक पुढे कर्करोगाने गेला. रीमा कागती यांनी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'मध्ये हीच कथा सांगितली, तेव्हा शशांक अरोरा यांनी साकारलेला शफीक लक्षात राहिला तो उड्डाणामुळे नव्हे, पडद्यावर दिसण्याच्या त्याच्या मूक आसेमुळे.

मराठीतील ठळक प्रयत्न म्हणजे निखिल महाजन दिग्दर्शित 'बाजी' (२०१५). श्रेयस तळपदे यांच्यासारखा सहज अभिनेता आणि समोर जितेंद्र जोशी यांचा खलनायक, अशी जमेची बाजू होती. मात्र दंतकथेचा भव्यपणा आणि नायकाचा घरगुतीपणा यांचा सांधा पक्का जुळला नाही. त्यानंतर ही वाट मराठीत रुळली नाही.

माणूस नेमका पकडला की यश मिळतेच, असेही नाही. विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'भावेश जोशी सुपरहिरो'ने (२०१८) मुंबईतील पाणीचोरीसारखा जिव्हाळ्याचा विषय घेतला. मित्राच्या मृत्यूनंतर त्याचा मुखवटा चढविणारा तरुण हर्षवर्धन कपूर यांनी, तर भ्रष्ट राजकारणी निशिकांत कामत यांनी साकारला. तिकीटबारीवर हा चित्रपट आपटला. पैसा आणि वितरण यांचे महत्त्व त्यामुळे नाकारता येत नाही.

तरीही प्रारंभाचा प्रश्न पैशाचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातील नेर, दारव्हा, दिग्रस यांसारख्या तालुक्याच्या गावांत आज तरुणांच्या खिशातल्या मोबाइलमध्येच कॅमेरा आहे. नासिर यांच्याजवळ होते त्यापेक्षा हे साधन कमी नाही. कापसाच्या पट्ट्यात जन्मणाऱ्या सुपरहिरोला पंखांची घाई नसावी. तो कोणाचा मुलगा आहे, त्याला कशाची भीती वाटते आणि कोणता अन्याय त्याला झोपू देत नाही, हे आधी ठरावे. उडणे नंतरही शिकता येते.