विसणाचं पाणी मोरीत कशाला?

सावेडीत कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे सोलरच्या टाक्या दिसतात. ऊन फुकट, विजेचं बिल कमी, सगळं खरं. पण मैत्रिणींनो, गच्चीवरचं ते कढत पाणी तळमजल्यावरच्या सिंकपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे कुणी बघितलंय का? थंडीत आपल्या नगरचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा तेलकट कढई हातात घेऊन नळ सोडायचा आणि उभं राहायचं... गार, गार, अजून गारच. गरम यायच्या आत निम्मी भांडी गार पाण्यानेच उरकलेली असतात. मग नळ बंद केला की नळीत आलेलं गरम पाणी तिथल्या तिथे निवतं. म्हणजे पाणी गेलं, ऊनही वाया गेलं आणि बोटं काकडलेली ती काकडलेलीच!

आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. तांब्याचा बंब न्हाणीघराला लागूनच असायचा. तोटी सोडली की खाली बादलीत कढत पाणी. अंतर दोन हात. अर्थात पहाटे उठून तो पेटवायचा कुणी, धूर कुणाच्या डोळ्यांत जायचा, राख कोण काढायचं, हे सांगायला नको. मला ते दिवस मुळीच परत नकोत. पण बंब जाऊन टाकी गच्चीवर गेली आणि मधलं अंतर कुणाच्या हिशेबात राहिलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

हिशेब तसा सोपा आहे. एक इंची नळीत मीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत पाव लिटर, अर्ध्या इंचीत त्याच्याही निम्मं. गच्चीवरून सहा मीटर एक इंची आणि पुढे सिंकपर्यंत दहा मीटर पाऊण इंची नळी असेल, तर साधारण पाच लिटर पाणी नुसतं नळीत उभं असतं. ते बाहेर पडल्याशिवाय गरम येणारच नाही. शिवाय पहिलं गरम पाणी गार नळीला तापवता तापवता स्वतःच निवतं, त्यामुळे पाचापेक्षा जास्तच जातं. दिवसातून चारदा असं झालं की वीस लिटर मोरीत.

वीस लिटर म्हणजे किती? टंचाईच्या काळात खेड्यात टँकर लावताना सरकार माणशी रोजचे वीस लिटर धरतं. २०१९च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात शेकडो टँकर धावत होते. पाथर्डीकडच्या वाड्या-वस्त्यांवर एका माणसाचा अख्खा दिवस ज्या पाण्यात निघायचा, तेवढं आपण गरम पाण्याची वाट बघत सोडून देतो. हिवरे बाजारचे लोक दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. आपण मात्र मुळा धरणातून पंपाने चढवून आणलेलं पाणी, तेही दिवसाआड आलेलं, असं घालवतो.

आंघोळीचं एक वेळ सोपं आहे. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात पहिलं गार पाणी वाया जायचं कारणच नाही, ते विसण! सोलरचं पाणी इतकं कढत असतं की विसण लागतंच. आधी गरमचा नळ सोडा, गार येईल ते बादलीत राहू द्या, वरून कढत भरा. गारचा नळ उघडायचीसुद्धा गरज पडत नाही. आणि घरातल्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकल्या तर नळी एकदाच तापवावी लागते. खरी नासाडी होते ती शॉवरखाली, बेसिनला आणि सिंकला.

नळीला फोमचं वेष्टण घाला, असं हल्ली सगळे सांगतात. घालाच, पण त्याने काय होतं नि काय होत नाही हे समजून घ्या. वेष्टणामुळे आठ वाजता आलेलं पाणी साडेआठलाही कोमट मिळतं. रात्रभर उभं राहिलेलं पाणी मात्र पहाटे गारच असणार. गच्चीवरच्या वेष्टणाला वरून आच्छादन हवं, नाहीतर उन्हाने त्याचा भुगा होतो. आणि भिंतीतली नळी प्लास्टरच्या आधीच गुंडाळावी लागते, नंतर कोण भिंत फोडतंय?

मोठ्या हॉटेलांत परतीची वेगळी नळी आणि छोटा पंप असतो. नळीतलं गार पाणी तो पुन्हा टाकीकडे पाठवतो, त्यामुळे तोटी उघडली की गरम. घरात हे करायचंच तर पंपाला बटण हवं. दिवसभर चालू ठेवला तर नळ्याच तापत राहतील आणि टाकी निवेल. साध्या घराला मला हे फारसं पटत नाही. त्यापेक्षा सिंकजवळ तीन लिटरचा विजेचा छोटा गिझर बरा. तीन किलोवॅटचा असेल तर दहा मिनिटांना अर्धा युनिट लागतो. (गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. त्यातून विषारी वायू साठतो आणि माणूस जीवाला मुकतो.)

सगळ्यांत स्वस्त उपाय नकाशावरच असतो. टाकी बाथरूमच्या बरोबर वर, सिंकची भिंत बाथरूमला लागून, आणि सिंकची शेवटची फांदी अर्ध्या इंचाची. वरून येणारी मुख्य नळी मात्र बारीक करू नका, सोलरची टाकी वरच्या मजल्यापासून जेमतेम उंच असते, धार येणार नाही. पण नकाशा बघताना बाईला विचारतं कोण? वास्तुशास्त्र सांगतं म्हणून स्वयंपाकघर आग्नेयेला जातं, बाथरूम दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या नळीची लांबी कुठल्याच शास्त्रात येत नाही.

परवा आमच्या मंडळातल्या एकीने नव्या घराचा नकाशा आणला होता. आम्ही दोरा घेऊन त्यावर नळीचा रस्ता मोजला, टाकीपासून सिंकपर्यंत अठरा मीटर. सिंक पलीकडच्या भिंतीला नेलं आणि टाकी सरकवली, तर आठ. मिस्त्री थोडा कुरकुरला. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "चूल आग्नेयेलाच राहते ना? मग सिंक न्या की तिकडे!"