आलात तिथूनच जाणार?

तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका मित्राचा परवा फोन आला. सॉलिड हसत होता. ‘अरे, आज मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजला आणि अख्खा मजला पुढच्या जिन्यावर! बोईसर स्टेशनच्या ब्रिजवर लोकल आल्यावर असते ना, तशी गर्दी. मागचा जिना रिकामा. तिकडून उतरला फक्त आमचा चहावाला.’

मी विचारलं, ‘आणि तू?’

दोन सेकंद शांतता.

बॉस, यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याला वाटतं, आग लागली की माणूस सर्वांत जवळचं दार शोधतो. चूक! तो ओळखीचं दार शोधतो. जोनाथन साइम या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच हे मांडलं होतं. संकटात पाय वळतात ते ओळखीच्या वाटेकडे आणि ओळखीच्या माणसांकडे.

२० फेब्रुवारी २००३. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला ‘द स्टेशन’ नाइट क्लब. बाहेर पडायला एकाहून जास्त दारं होती, पण बहुतेक जण आले त्याच मुख्य दाराकडे धावले. तिथेच चेंगराचेंगरी झाली. त्या आगीत १०० माणसं गेली. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण टॉयलेटमध्ये सापडले, धुराने गुदमरलेले. त्यांना नावं ठेवू नका. धूर भरल्यावर नवी वाट शोधायला वेळच मिळत नाही. ती आधीच माहीत असावी लागते.

बोईसर-तारापूरकरांचा पेपर तर आणखी कठीण. ८ मार्च २०१८ च्या रात्री इथल्या एका कारखान्यात झालेला स्फोट कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला होता. आणि गॅसगळती झाली तर नुसतं बाहेर पडून भागत नाही, वारा बघावा लागतो. कारखान्यावर फडफडणारी ती पट्ट्यापट्ट्यांची कापडी नळी शोभेची नाही. तिचं मोकळं टोक जिकडे, तिकडे वारा चाललाय आणि गॅसही. आपण वाऱ्याला आडवं निघायचं. म्हणजे रोजचं गेट त्या दिवशी नेमकं चुकीचं असू शकतं!

दुसऱ्या दिवशी मित्र मुद्दाम मागच्या जिन्याने उतरला. खालच्या दारापाशी कागदाच्या खोक्यांची थप्पी. चहावाला रोज अंग चोरून जायचा म्हणे. एकट्याला जमतं. साठ जणांना धुरात जमलं असतं? खोकी त्याच दिवशी हलली.

तेव्हा या सोमवारी एवढंच करा. एकदा दुसऱ्या जिन्याने उतरा, अगदी रस्त्यापर्यंत. ऑफिसात, सोसायटीत, वीकेंडच्या मल्टिप्लेक्समध्येही. वाट सापडत नाहीये? चहावाल्याला विचारा.